वाकण्याचे बळ

१

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही गावे मागे टाकीत शिवनाथ ओलांडतो आणि दुर्गच्या पुढे भिलाईच्या माळावर येतो. भातखाचरांचा हा सपाट मुलूख. निसर्गाने येथे उंच असे फारसे काही उभे केलेले नाही. क्षितिजरेषा मोडतात त्या पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्या आणि धुराडी. कारखान्यालगतची वसाहत सेक्टरांत विभागलेली, ठेंगण्या घरांची, रुंद रस्त्यांची आणि झाडांची. उत्तुंग इमारतींचे शहर म्हणून भिलाईचे नाव कोणी घेत नाही. तरीही उंच काँक्रीट इमारत वाऱ्यापुढे आणि भूकंपापुढे कशी तग धरते, या प्रश्नाचा भारतातील इतिहास सांगायचा तर भिलाईला वळसा घालून जाता येत नाही. अशा इमारतीचे अर्धे बळ डोळ्यांना दिसणाऱ्या काँक्रीटात असते आणि उरलेले अर्धे त्याच्या पोटात दडलेल्या पोलादी सळईत. ती सळई स्वतःच्या भट्टीतून काढण्याची जिद्द स्वतंत्र भारताने ज्या मोजक्या ठिकाणी धरली, त्यांत भिलाई अग्रभागी होती.

भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या दिवशी मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. पुढच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुरातूनच चाले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडचा आणि मराठी मुलखाचा जो संबंध जडला होता, त्याच्या शेवटच्या पर्वात हा कारखाना जन्मास आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजहरा येथील लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक यांच्या आधारावर वर्षाला दहा लाख टन पोलाद काढण्याची ही पहिली योजना. रेल्वेचे रूळ ही भिलाईची मोठी ओळख झाली. पण तिच्या लाटणगिरण्यांतून निघालेली बांधकामाची सळई तिच्याइतकीच दूरवर गेली. रूळ दिसतात, त्यांवरून गाडी धावते. सळई मात्र काँक्रीटात गाडली जाते आणि तिची आठवण होते ती घर कोसळल्यावरच.

२

वारा आणि भूकंप या दोन्ही शक्ती इमारतीला आडव्या लोटतात, म्हणून त्यांचा उल्लेख एका दमात होतो. त्यांचे स्वभाव मात्र निराळे आहेत.

वारा बाहेरून येतो. इमारतीचा जो चेहरा त्याच्यासमोर असेल त्यावर तो दाब टाकतो आणि पाठीमागच्या बाजूला ओढ निर्माण करतो. चेहरा जितका रुंद आणि उंच, तितका मारा अधिक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. भारतीय वारासंहितेने रायपूर-भिलाईच्या परिसरासाठी सेकंदाला ३९ मीटर हा मूळ वेग धरला आहे, मुंबई आणि नागपूर यांच्यासाठी ४४ मीटर. पहिल्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो भार पडतो, दुसऱ्याला सुमारे ११८ किलो. वेगातला फरक आठव्या हिश्श्याचा, पण भारातला फरक पाव हिश्श्याहून अधिक. वाऱ्याशी झुंजताना इमारतीचे वजन तिच्या कामी येते. जड वस्तू सहजी उलथत नाही. किल्ल्याचे बुरूज आणि हेमाडपंती मंदिरे शतकानुशतके वादळे सोसत आली ती याच न्यायाने.

भूकंपाचा न्याय उलटा आहे. तेथे बाहेरून कोणी धक्का देत नाही. पायाखालची जमीनच सरकते. एसटीची गाडी एकाएकी पुढे निघाली की उभा असलेला प्रवासी मागे कोलमडतो, तसे इमारतीचे होते. पाया जमिनीबरोबर जातो, वरचे मजले जागीच राहू पाहतात. वरचे वजन जितके अधिक, तितके हे मागे राहणे बळकट आणि तितका खांबांवरचा ताण मोठा. वाऱ्यासमोर जे वजन ढाल होते, तेच भूकंपात घाव होते.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. प्रत्येक इमारतीला झोक्याची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हात लावले तरी तो उंच जातो. लय चुकवून कितीही जोर केला तरी जात नाही. भारतीय संहितेच्या ढोबळ सूत्राने ३० मीटर उंचीच्या काँक्रीट सांगाड्याचा एक झोका सुमारे एका सेकंदाचा भरतो, १०० मीटर उंचीच्या सांगाड्याचा सव्वादोन सेकंदांहून थोडा अधिक. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहर हादरले तेव्हा तेथील जुन्या तळ्याच्या मऊ गाळाने सुमारे दोन सेकंदांची लय धरली. त्या लयीच्या जवळपास झोके घेणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारतींचा सर्वाधिक चुराडा झाला. कित्येक बुटकी घरे आणि काही फार उंच इमारती शेजारीच उभ्या राहिल्या. उंची हा आपोआप शाप ठरत नाही, तशी ती आपोआप तारकही ठरत नाही.

३

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच. आडव्या शक्तीखाली खांबाची एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते. म्हणून ताणाच्या बाजूला पोलाद हवे. उष्णतेने काँक्रीट आणि पोलाद जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हा निसर्गाचा एक कृपाप्रसादच म्हणावा लागेल; तो नसता तर हा संसार पहिल्या उन्हाळ्यातच मोडला असता. उरला प्रश्न पकडीचा. गुळगुळीत सळई काँक्रीटातून निसटू पाहते. अमेरिकेत अर्नेस्ट रॅन्सम याने १८८४ साली पीळ दिलेल्या चौकोनी सळईचे एकस्व घेतले. त्याच पद्धतीने सिनसिनाटी येथे १९०३ साली इंगल्स इमारत उभी राहिली. सोळा मजल्यांची ही जगातील पहिली उंच काँक्रीट इमारत. वाऱ्याने किंवा स्वतःच्याच भाराने ती ढासळेल अशी भाकिते झाली. ती ढासळली नाही.

भूकंपाची परीक्षा जपानने घेतली. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात तोकियो आणि योकोहामा ही शहरे उद्ध्वस्त झाली. ताचू नाइतो या अभियंत्याने आखलेली जपानच्या औद्योगिक बँकेची इमारत मात्र नुकतीच पुरी झालेली असूनही जवळपास अभंग राहिली. पायापासून माथ्यापर्यंत सलग जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती त्याने तिच्या सांगाड्यात गुंफल्या होत्या. अभियंते अशा भिंतीला शिअर वॉल म्हणतात. पुढच्याच वर्षी जपानने इमारतीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी आडवी शक्ती गृहीत धरण्याचा नियम केला.

हिंदुस्थानातील पहिला शास्त्रशुद्ध प्रयोग रेल्वेखात्याने केला. १९३१ साली बलुचिस्तानात माच येथे भूकंप झाल्यावर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे अभियंत्याने बोलन घाटातील कर्मचाऱ्यांसाठी भूकंपाचा हिशेब करून घरे आखली. विटांच्या भिंतींना त्याने लोखंडी रुळांचा सांगाडा दिला. देशाचा पहिला भूकंपप्रवण विभागांचा नकाशाही त्याने १९३३ साली मांडला. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले आणि हजारो माणसे गाडली गेली, तेव्हा कुमारच्या पद्धतीची घरे उभी राहिली. इतके स्वच्छ प्रमाण हाती असूनही ते ज्ञान देशभर पसरण्यास पुढे पंचवीस वर्षे लागली. १९६० साली रुडकी येथे जय कृष्ण यांच्या नेतृत्वाखाली भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र विद्यालय निघाले, आणि १९६२ साली भारतीय मानक संस्थेने पहिली भूकंपसंहिता प्रसिद्ध केली.

४

त्या संहितेच्या नकाशात देशाचे शून्य ते सहा असे सात विभाग पाडले होते. शून्य विभागाचा अर्थ उघड होता : येथे भूकंपाची चिंता नको. दख्खनचे पठार हा प्राचीन, निश्चल खडक. त्याला भूकंपाचे भय नाही, हा समज शास्त्रज्ञांत आणि जनसामान्यांत सारखाच दृढ होता.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेचारच्या आधी काही मिनिटे कोयनेने तो समज मोडला. सुमारे साडेसहा प्रतीच्या त्या धक्क्याने कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि पावणेदोनशेंहून अधिक माणसे दगावली. वीज खंडित झाल्याने मुंबई अंधारात बुडाली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या आखणीत गुरुत्वत्वरणाच्या पाच शतांश इतकीच आडवी शक्ती धरली होती. धरणातच बसविलेल्या यंत्राने नोंदविलेला कमाल धक्का गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून अधिक होता. धरणाला आडव्या भेगा पडल्या, पण ते फुटले नाही. खालचा मुलूख वाचला आणि धरणाला मागून काँक्रीटचे आधार देऊन बळकटी आणण्यात आली. जलाशयाचे पाणी आणि भूकंप यांचा संबंध काय, हा प्रश्न कोयनेने साऱ्या जगापुढे ठेवला. तेथील नोंद पुढे जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासासाठी वापरली.

१९७० च्या सुधारित संहितेतून शून्य विभाग काढून टाकण्यात आला. भारतात भूकंपाची शक्यता शून्य आहे अशी जागाच नाही, हे तेव्हा प्रथम कागदावर मान्य झाले. तरी नव्या नकाशातील सर्वांत सौम्य असा पहिला विभाग उरलाच. मराठवाड्याचा पुष्कळ भाग त्यात गेला. भिलाईही त्यातच होती.

५

कोयनेच्या यंत्रातील नोंद आणि संहितेतील आकडा यांत दहापटीचे अंतर होते. मग इमारती दहापट मजबूत बांधायच्या काय? तशी इमारत तुरुंगासारखी जाड होईल आणि तिचा खर्च कोणालाही पेलणार नाही. शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या अभियंत्यांनी या पेचातून जी वाट काढली, ती वरवर पाहता चमत्कारिक वाटते. वाऱ्यापुढे इमारत ताठ राहावी; प्रत्येक वादळानंतर ती पूर्ववत व्हावी, तिला इजा होऊ नये. वारा वर्षानुवर्षे येत राहतो. मोठा भूकंप मात्र इमारतीच्या आयुष्यात एकदा येतो किंवा येतही नाही. त्या एका प्रसंगी तिला भेगा पडाव्यात, सळया ताणल्या जाव्यात, ती कायमची वाकडीही व्हावी. फक्त तिने आतल्या माणसांवर कोसळू नये.

भारतीय संहितेने हा विचार आकड्यांत मांडला. उत्तम रीतीने सळया बांधलेला काँक्रीट सांगाडा असेल तर तो तसूभरही न वाकता झेलू शकेल अशा शक्तीच्या पाचव्या हिश्श्यासाठीच त्याची आखणी करण्याची मुभा २००२ च्या आवृत्तीने दिली. सर्वांत सौम्य विभागातील साध्या, कमी उंचीच्या इमारतीवर त्या हिशेबाने तिच्या वजनाच्या अडीच टक्के आडवी शक्ती धरावी लागे, कच्छसारख्या सर्वांत तीव्र विभागात नऊ टक्के. उरलेले चार हिस्से कोठे जातात? ते सळईच्या ताणल्या जाण्यात जिरतात. न तुटता लांबत जाण्याच्या या गुणाला शास्त्रीय परिभाषेत तन्यता म्हणतात. खडूचा तुकडा वाकविला तर कट्कन तुटतो. तार वाकविली तर वाकते, हाताला ऊब लागते, पण ती अखंड राहते. काँक्रीट स्वभावाने खडूच्या जातीचे. त्याला तारेचा गुण देणे हे सळईचे आणि ती बांधणाऱ्या हाताचे काम.

त्यासाठी १९९३ साली एक स्वतंत्र संहिताच निघाली. तिच्या मागचा विवेक साधा आहे. काही मोडायचेच असेल तर आधी तुळई वाकावी, खांब नव्हे. तुळई वाकली तर एक खोली जाते, खांब गेला तर सारे मजले एकमेकांवर बसतात. खांब आणि तुळई जेथे भेटतात तेथे घाव सर्वांत मोठा, म्हणून उभ्या सळयांना कवटाळणाऱ्या रिंगा तेथे दाट हव्यात, १०० मिलिमीटरांहून अधिक अंतर नको. आणि रिंगेचे टोक काटकोनात सोडायचे नाही. ते १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात खोल शिरले पाहिजे; १९९३ च्या संहितेने ही खोली रिंगेच्या जाडीच्या दहापट ठरविली होती. भूकंपात खांबावरचे बाहेरचे काँक्रीट गळून पडते. काटकोनात वळविलेली रिंग त्या क्षणी उलगडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब बसतो. गाभ्यात रुतलेली रिंग सुटत नाही. आठ मिलिमीटर जाडीच्या सळईचे हे एवढेसे टोक, पण भूकंपाच्या पहिल्या मिनिटात कुटुंबाचे जगणे-मरणे त्यावर टांगलेले असते.

६

सळईची कहाणी येथे पुन्हा भिलाईशी येऊन मिळते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत भारतीय बांधकामात साधी, गुळगुळीत, मऊ पोलादाची गोल सळई वापरली जाई. ती भरपूर लांबे, पण तिचे बळ बेताचे. पुढे थंड असताना पीळ घातलेली सळई आली. बांधकामावर ती टोर या नावाने ओळखली गेली. रॅन्समच्या पिळाचीच ही दूरची वंशज. पिळामुळे तिचे बळ वाढले, पोलादाची बचत झाली आणि टंचाईच्या त्या काळात ही बचत मोलाची ठरली. पण पीळ घालताना सळईच्या अंगची ताणण्याची पुंजी आधीच काही अंशी खर्च होऊन जाई. बळ वाढले, सोसण्याची शक्ती घटली. वाऱ्याच्या हिशेबाला हे चालण्यासारखे होते. भूकंपाच्या हिशेबाला ते महागात पडणारे होते.

पुढची पायरी पाण्याने गाठली. लाटणगिरणीच्या शेवटच्या रुळांतून लालभडक सळई बाहेर पडते तोच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. तिची साल क्षणात थंड होऊन कठीण बनते. गाभा अजून तप्त असतो. त्याची आच हळूहळू बाहेर पसरते आणि त्या कठीण सालीचा ठिसूळपणा घालविते. शेवटी हाती येते ती बाहेरून कणखर, आतून मऊ अशी सळई. टी.एम.टी. या आद्याक्षरांनी ती आज गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात ओळखली जाते. लोहाराने तापलेला विळा पाण्यात बुडवावा आणि धगीनेच त्याला पुन्हा नरम करावा, त्याच विद्येचे हे गिरणीतले रूप. भिलाईनेही ही पद्धत स्वीकारली. २००८ साली सळईच्या भारतीय मानकात तन्यतेवर भर देणारे ‘डी’ वर्ग घातले गेले. ५०० वर्गाची साधी सळई तुटण्यापूर्वी शेकडा १२ तरी लांबली पाहिजे, तर त्याच वर्गाची ‘डी’ सळई शेकडा १६. चार टक्क्यांचा हा फरक कारखान्याच्या चाचणीपत्रात एका रकान्यात मावतो. भूकंपाच्या वेळी तो जिना उतरून बाहेर पडण्यास लागणाऱ्या अवधीत मोजावा लागतो.

७

इमारत जसजशी उंच होते तसतसा वाऱ्याचा वरचष्मा वाढतो. भूकंपाच्या जलद झटक्यांपुढे उंच इमारतीची संथ लय तिला काहीशी वाचविते. वारा मात्र वर अधिक जोराने वाहतो आणि त्याला पकडायला चेहराही मोठा मिळतो. भिलाईसारख्या सौम्य भूकंपविभागात पंधरा मजल्यांची इमारत आखली, तर आकडेमोडीत पुष्कळदा वारा भूकंपाहून जड भरतो.

उंचीच्या या कोड्याला नवे उत्तर दिले ते बंगालच्या भूमीत वाढलेल्या एका अभियंत्याने. ढाक्यात १९२९ साली जन्मलेले फझलूर खान शिकागोत काम करीत होते. खांब इमारतीच्या आत विखरून ठेवण्याऐवजी त्यांनी ते बाहेरच्या कडेला जवळजवळ उभे केले आणि प्रत्येक मजल्यावर भक्कम तुळयांनी जोडले. सारी इमारत मग जमिनीत रोवलेल्या एका पोकळ नळीसारखी वागू लागली. बांबू पोकळ असूनही वाऱ्यात का मोडत नाही, याचे जे उत्तर, तेच या रचनेचे. साठच्या दशकाच्या मध्यास शिकागोत पुरी झालेली डे-विट चेस्टनट ही त्रेचाळीस मजल्यांची काँक्रीट इमारत या पद्धतीची पहिली मानली जाते. नाइतोची सलग भिंत आणि खानांची नळी या दोन कल्पना, एकएकट्या किंवा मिसळून, जगभरच्या उंच काँक्रीट इमारतींच्या हाडांत आहेत. मुंबईच्या मनोऱ्यांतही जिना आणि उद्वाहक यांभोवतीच्या जाड भिंती कण्याचे काम करतात.

अशा इमारती हलतात आणि त्यांनी हललेच पाहिजे. भारतीय संहितेच्या मर्यादेप्रमाणे १०० मीटर उंचीच्या इमारतीचा माथा वाऱ्याने वीस सेंटिमीटरांपर्यंत सरकला तरी चालतो. वरच्या मजल्यावरच्या माणसाला भोवळ येऊ नये इतपतच ती हालचाल राखणे हे वाराशास्त्राचे निम्मे काम. गोल धुराड्यांची अडचण आणखी निराळी. वारा त्यांना वळसा घालून जाताना पाठीमागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सुटतात आणि वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात धुराडे झुलू लागते. या भोवऱ्यांची लय आणि धुराड्याची लय जुळू न देणे, हे आखणीतले पथ्य. भिलाईच्या क्षितिजावर जी धुराडी उभी दिसतात, त्या जातीच्या बांधकामाला कोणी उत्तुंग इमारत म्हणत नाही. हिशेब मात्र त्यांनाही तोच द्यावा लागतो.

८

१९९३ हे वर्ष ज्या संहितेचे, तेच किल्लारीचे. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून दमून झोपलेली लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे झोपेतच गाडली गेली. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. हा मुलूख नकाशातील सर्वांत सौम्य विभागात होता. तेथे उंच इमारती नव्हत्या. होत्या त्या दगडमातीच्या हातभर जाडीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड धाबे. उन्हाळ्यात गारवा देणारी, चोरापासून राखणारी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणातून आलेली ती भिंत होती. धक्का मोठा असला तरी अतिप्रचंड नव्हता. मारले ते वजनाने, आणि त्या वजनाला बांधून ठेवणारे भिंतीत काहीच नव्हते म्हणून. किल्लारीने सळईचे मोल तिच्या अभावातून सांगितले.

जेथे सळई होती तेथेही काय घडू शकते, ते पुढच्या दोन भूकंपांनी दाखविले. भिलाई तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होती, त्याच राज्यातील जबलपूरला २२ मे १९९७ रोजी सहाच्या आसपास प्रतीचा धक्का बसला. वाहने ठेवण्यासाठी तळमजला मोकळा सोडलेल्या काही काँक्रीट इमारतींच्या खांबांना तेथे गंभीर इजा झाली. वरच्या मजल्यांत विटांच्या भिंती भरलेल्या असल्याने ते एका डब्यासारखे ताठ राहतात, आणि सारी हालचाल तळच्या उघड्या खांबांवर येते. जाड देह काटकुळ्या पायांवर तोलावा तसे हे बांधकाम. जबलपूरने इशारा दिला. शहरे तशीच वाढत राहिली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले आणि तेरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही कित्येक बहुमजली इमारती त्याच मोकळ्या तळमजल्यावर बसल्या. त्या काँक्रीटच्याच होत्या, त्यांत सळयाही होत्या. ढिगाऱ्यांत अभियंत्यांना दिसल्या त्या विरळ रिंगा आणि काटकोनातच सोडलेली त्यांची टोके. संहिता आठ वर्षांपूर्वीच छापली गेली होती. ती पाळली जाते की नाही हे पाहणारी यंत्रणा दुबळी होती.

२००२ च्या आवृत्तीने सर्वांत सौम्य असा पहिला विभागच रद्द करून तो दुसऱ्यात मिसळला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. कोयनेनंतर शून्य गेला, किल्लारीनंतर एक गेला. दोन्ही वेळा नकाशा सुधारला तो मृतांची मोजदाद झाल्यावर.

९

भिलाई त्या फेरआखणीत दुसऱ्या विभागात आली. २०१६ च्या संहितेने तन्यतेचे नियम तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या विभागांत आवश्यक ठरविले आणि दुसऱ्या विभागात ऐच्छिक ठेवले. देशभरच्या भूकंपप्रवण मुलखांना ताणली जाणारी सळई पुरविणाऱ्या गावाला, स्वतःच्या घरांत तिचे टोक किती अंशांत वळवावे याचे बंधन त्या संहितेने घातले नाही. शास्त्राच्या दृष्टीने यात विसंगती नाही. धोका कमी तेथे खर्च कमी, हा हिशेब रास्तच आहे. परंतु ज्या मुलखाने कोयना आणि किल्लारी पाहिली, त्याला सौम्य विभाग या शब्दावर निर्धास्त राहणे जड जाते. वारा जेथे भूकंपाहून जड भरतो तेथे आणखी एक फसगत संभवते. वाऱ्यासाठी पुरेशी सळई घातली म्हणजे भूकंपाचेही भागले, असे वाटू लागते. आकड्यांत ते खरे असते. पण वाऱ्याचा आकडा पुरा आहे आणि भूकंपाचा आकडा पाचव्या हिश्श्याचा. उरलेल्या चार हिश्श्यांचे देणे बळाने फिटत नाही, वाकण्यानेच फिटते. रिंगेचे टोक गाभ्यात वळविण्यास खर्च येतो तो काही बोटे सळईचा आणि बांधणाऱ्याच्या थोड्या श्रमांचा.

उंच इमारतीच्या इतिहासात नाइतो, कुमार, जय कृष्ण, फझलूर खान ही नावे लिहिली जातात आणि ती लिहिलीच पाहिजेत. भट्टीपुढे उभा राहणारा कामगार आणि ऊन चढलेल्या स्लॅबवर बसून पक्कडीने रिंगा वळविणारा माणूस यांची नावे मात्र कोठे नोंदली जात नाहीत. पुष्कळदा तो माणूसही छत्तीसगडचाच असतो. भातकापणी उरकून, मुलाबाळांना घेऊन, भिलाईवरूनच जाणाऱ्या गाडीने नागपूर-मुंबईकडच्या बांधकामांवर आलेला. सळई आणि ती वळविणारा हात असे एकाच मुलखातून, एकाच रुळांवरून प्रवास करतात. काँक्रीट ओतले की त्याचे काम झाकले जाते आणि ते नीट झाले होते की नाही हे तपासण्याची पाळी शक्यतो कोणावर येऊ नये अशीच साऱ्यांची इच्छा असते. म्हणूनच त्याला ते टोक का वळवायचे हे कोणी तरी, काँक्रीट ओतण्यापूर्वी, सांगितलेले असले पाहिजे.